शेवटच्या पायरीपर्यंतचा आवाज

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात दोन मुलूख आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटावर चिखली, मेहकर. तिकडे हवा गार, सोयाबीन आणि ज्वारी. घाटाखाली काळी जमीन, ऊन आणि कापूस. घाटावरचे लोक खाली मुलगी द्यायला कां-कू करतात, आणि खालचे म्हणतात, वर तुमच्याकडे आहे काय, नुसता वारा.

मी घाटाखालचा, पण गेली अठ्ठावीस वर्षं पुण्यात. सभागृहांत माइक कुठे ठेवायचा, स्पीकर किती आणि कसे लावायचे, हे माझं पोटापाण्याचं काम. गेल्या हिवाळ्यात चार दिवस गावाकडे जाऊन आलो. बाहेरचे लोक आमच्या जिल्ह्यात लोणारचं सरोवर बघायला येतात. मी पाहिलं ते बघायला कोणी येणार नाही, म्हणून लिहून ठेवतो. त्यात माझी एक चूक आहे आणि त्याहून जुनं एक पाप आहे. दोन्ही सांगणार आहे. ते सांगितल्याशिवाय बाकीच्या गोष्टीचा अभिमान मिरवायचा मला अधिकार नाही.

शुक्रवार, चिखलीहून खाली

सकाळी चिखलीला उतरलो. स्टँडसमोर चहा घेतला. पुण्याच्या दोन चहांची साखर त्या एका कपात होती. पुढे काळीपिवळी जीप. शेजारच्या माणसानं आपली पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि पुढच्या सीटवरच्या ओळखीच्याशी बोलू लागला.

"इकला का बे कापूस?"

"नाई. घरातच हाय. पोरं त्याच्यावर बसून अभ्यास करतात."

"अन् भाव?"

"भाव गेला गावाले. येतो म्हणाला."

जीपमधले सगळे हसले, हसणं लवकर संपलं आणि सगळे खिडकीबाहेर बघू लागले. बीटी बियाणं येऊन सात-आठ वर्षं झाली होती. सुरुवातीला झाडं बोंडांनी अशी लगडली की लोकांनी घरांचे पाये खणले. मग कुठे पाऊस हुकला, कुठे लाल्या आला आणि पानं तांबडी पडून झाडं वाळली, आणि पीक आलंच तर भाव पडलेला. त्यामुळे वेचलेला कापूस लोक घरात भरून ठेवतात आणि वाट बघतात. राजूरचा घाट उतरलो तसा उकाडा लागला. रस्त्याकडेच्या बाभळींना, जाणाऱ्या ट्रॉल्यांमधून निसटलेला कापूस पुंजक्यापुंजक्यानं अडकला होता.

ज्या गावी स्टेडियम बांधलंय त्याचं नाव लिहीत नाही. ते कबड्डी, खो-खो आणि धावण्यासाठी बांधलं आहे आणि त्यासाठी उत्तम आहे. मैदानाच्या एका अंगाला पत्र्याच्या छपराखाली सिमेंटच्या पायऱ्या आणि त्यांच्यामागे उंच भिंत. समोरच्या अंगाला तशाच उघड्या पायऱ्या. हे स्टेडियम तालुक्याचा मान आहे. बांधकाम चालू असताना लोक संध्याकाळी जेवून तिथे फिरायला जायचे.

तिथे गाणं करायचं ठरवलं रंजना मॅडमनी. त्या शाळेत शिकवतात आणि बारा वर्षांपासून आसपासच्या गावांतल्या बायकांची कापूस वेचताना म्हणायची गाणी वह्यांमध्ये उतरवून घेत आल्या आहेत. बारा बायका ती गाणी स्टेडियममध्ये म्हणणार, आणि गावोगावच्या बायका ऐकायला येणार. एवढी माणसं बसतील अशी दुसरी जागा तालुक्यात नाही. दिवाळीच्या आधी मॅडमनी मला जागा बघायला बोलावलं होतं. मी आलो, एक सिनेमाचं गाणं मोठ्यानं लावलं, मैदानाच्या मधोमध उभा राहिलो, दोन टाळ्या वाजवल्या आणि सांगितलं, "झकास. काही करायची गरज नाही." मला पुण्यात दुसऱ्या दिवशी एका संमेलनाचं काम होतं. पायऱ्या चढून वर गेलो नाही. मॅडमनी माझ्या शब्दावर पत्रिका छापल्या.

ही झाली चूक. ती किती मोठी होती ते रशीदभाईंनी दाखवलं.

रशीदभाई रोहिणखेडचे. लग्नं, उरूस, सप्ते, प्रचारसभा, चाळीस वर्षांपासून सगळ्यांना त्यांचेच स्पीकर. त्यांनी मला पत्र्याखालच्या शेवटच्या पायरीवर बसवलं आणि स्वतः खाली माइकवर गेले. काहीतरी बोलले. मला शब्द एकही कळला नाही. आवाज समोरच्या पायऱ्यांवर आपटून, मागच्या भिंतीवर येऊन, पत्र्यात शिरून गोल गोल फिरत होता, हंड्यात बोलावं तसा.

ते वर आले. "काय म्हटलं मी?"

"नाही कळलं."

"मी म्हटलं, दिनकरभाऊ पुण्याचे लय हुशार."

मी मान खाली घातली.

"गाणं लावलं तं मस्त वाजते," ते म्हणाले. "काऊन का ते गाणं आपल्याले पाठ असते. कान आपले आपण शब्द भरून घेतात. पर या बायांचं गाणं कोनाले पाठ हाय? इथं शब्द गेला तं सगळंच गेलं. मी तुमाले फोन केला होता."

केला होता. आणि मी फोनवर म्हणालो होतो, आवाज वाढवा. त्यांनी चार स्पीकर वाढवून पाहिले. "आवाज वाढला तसं उत्तर बी वाढलं," ते म्हणाले. मग त्यांनी रोज संध्याकाळी मुलाला माइकवर बोलायला लावून स्वतः पायरीपायरीवर बसून ऐकलं होतं आणि जिथे शब्द जास्त फाटतो तिथे खडूनं फुल्या मारल्या होत्या. माझ्याकडे मोजायची यंत्रं आहेत. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या फुल्या यंत्रानं तपासल्या. एकही चुकली नव्हती. हे मी पुण्यातल्या माझ्या माणसांनाही सांगितलं आहे.

कार्यक्रम रविवारी संध्याकाळी पाचला होता.

आत्याचं घर

मुक्काम मालूआत्याकडे होता, तिथून कोसभरावरच्या खेड्यात. आत्या ही माझ्या वडिलांची धाकटी बहीण. बारा बायकांमध्ये पुढं गाणारी तीच.

तिनं वांगी पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांच्या जाळावर भाजली होती. त्याचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि कच्चा कांदा. पुण्यात आम्ही वांगं गॅसवर भाजतो आणि त्यालाही भरीतच म्हणतो. जेवताना तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "खाय. तिकडं काय खातो तं दिसूनच राह्यलं."

पुढच्या खोलीत कापूस भरला होता, आढ्यापर्यंत. दारापासून एका खाटेपुरती जागा ठेवली होती, ती माझी. घरात भरलेल्या कापसाशेजारी झोपल्याचे परिणाम मी विसरलो होतो. तासाभरात मानेला आणि कोपरांना अशी खाज सुटली की मी शर्ट काढून बसलो. आत्यानं खोबरेल आणून दिलं.

"पुण्याची कातडी," ती म्हणाली आणि उंबऱ्यावर बसली.

आता पाप सांगतो.

बावीस वर्षांपूर्वी आमच्या गावच्या शाळेच्या मैदानावर कार्यक्रम होता. मी नव्यानं नोकरीला लागलो होतो आणि ऐट दाखवायला पुण्याहून मालकांना आणि दोन सहकाऱ्यांना घेऊन आलो होतो. आवाजाची यंत्रणा मीच सांभाळत होतो. आत्या गायला उभी राहिली. पहिल्या कडव्यात 'मले' आणि 'तुले' आलं आणि सहकारी एकमेकांकडे बघून हसले. वाईट मनानं नसेल, पण हसले. मी आत्याच्या माइकचं बटण हळूहळू खाली ओढलं आणि पेटीचा आवाज वर केला. ती गातच राहिली. तिचे ओठ हलताना दिसत होते. मैदानात नुसती पेटी वाजत होती. नंतर सगळ्यांना सांगितलं, माइक खराब होता.

त्या रात्री, अंगाला खोबरेल चोळत, मी हे तिला सांगितलं. सगळं, माइक चांगला होता इथपर्यंत.

ती म्हणाली, "मले माईत हाय."

"माहीत आहे?"

"तुह्या हाताकडं पाहूनच गात होती मी."

"मग बोलली का नाहीस इतकी वर्षं?"

"काय बोलू? तुले आपल्या लोकायची लाज वाटली. मले तुह्यी वाटली. मंग कोन कोनाले बोलावं?"

मी माफी मागितली. तिनं ती ऐकून घेतली आणि म्हणाली, "ते राहू दे. तिकडं पत्र्याखाली आमचा शब्द कोनाले समजून नाई राह्यला. काल सरावाले गेलो तं माह्या बाजूच्या सुमनले बी नाई समजला. बाया म्हणून राह्यल्या, आपन नाई गाऊ, हसं होईन. परवा ऐकू येऊ दे. बाकीचं मंग पाहू."

तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की त्या खोलीत तिचा शब्दन् शब्द कोरून काढल्यासारखा स्वच्छ ऐकू येत होता. आवाज तोंडातून निघत होता, माझ्यापर्यंत येत होता आणि संपत होता. मागे काही उरत नव्हतं. मी उठून टाळी वाजवली. पुन्हा वाजवली. नुसता कोरडा ठप्प आवाज.

"टाळ्या काऊन वाजवून राह्यला?" आत्या म्हणाली. "अजून तं गायलीबी नाई मी."

शनिवार

सकाळी रशीदभाईंना त्या खोलीत आणलं. त्यांनी कापसाकडे तोंड करून "अल्ला" म्हटलं, मग दाराबाहेर जाऊन तेच म्हटलं, परत आत आले आणि कापसावर हात ठेवला.

"हे चाळीस वर्षं माह्याही घरात होतं," ते म्हणाले.

सभागृहात आम्ही आवाज पिण्यासाठी जाड पडदे आणि भिंतींना मऊ तक्ते लावतो. ते पुण्याहून मागवायला ना वेळ होता ना ऐपत. पण फुल्या मारलेल्या पायऱ्या आणि मागची भिंत झाकेल एवढा कापूस आजूबाजूच्या चार खेड्यांतच घरोघर पडून होता. अडचण कापसाची नव्हती, तो मागण्याची होती. आमच्याकडे माणूस बैल देईल, गाडी देईल, घरातला कापूस उंबऱ्याबाहेर जाऊ देणार नाही. दव लागलं तर तो पिवळा पडतो. दुसऱ्याच्यात मिसळला तर भांडण. आणि ठिणगी पडली तर वर्षच गेलं.

मी देवळासमोर जमलेल्या लोकांना पाच मिनिटं समजावून सांगितलं. पुण्यात बोलतो तसं, व्यवस्थित. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. मग एक जण म्हणाला, "बजारात आमचा कापूस कोनी घेऊन नाई राह्यलं, अन् तुमी गान्याले घेऊन राह्यले." दुसरा म्हणाला, "त्याले का गानं समजते?" लोक हसून पांगायला लागले.

आत्या मागे उभी होती. ती पुढे आली आणि म्हणाली, "मोकळा नाई न्याचा. ज्याचा कापूस त्यानं आपल्या घरच्या लुगड्यात बांधाचा. घरचं लुगडं कोनाले वळखू येत नाई? अन् ज्यानं त्यानं आपल्या गाठोड्याजवळच बसाचं. राखनही होते अन् गानंही होते."

एवढंच. पांगणारे थांबले. मला जे पाच मिनिटांत जमलं नाही ते तिनं पाच वाक्यांत केलं, कारण तिला ठाऊक होतं की लोक कापूस द्यायला घाबरत नव्हते, तो डोळ्याआड होण्याला घाबरत होते. दुपारी बारा बायका घरोघर फिरल्या. संध्याकाळपर्यंत नऊवारी, पाचवारी, लग्नातले शालू, विटके, ठिगळाचे, जे मिळेल त्यात कापूस बांधला जात होता. एका घरी सासूसुनेचं जुंपलं, सुनेनं सासूचं ठेवणीतलं लुगडं काढलं म्हणून. शेवटी सासू म्हणाली, "जाऊ दे, लोकं पाहतीन तं चांगलंच पाहू दे."

रविवार

दव सुकल्यावर, ऊन चढल्यावर, ट्रॅक्टर सुटले. दहा वाजता स्टेडियमच्या फाटकाशी रांग होती. रशीदभाईंनी पायऱ्यांवरच्या सगळ्या वायरी काढून खाली मैदानात घेतल्या. फाटकावर स्वतः उभे राहून बिड्या आणि काड्यापेट्या काढून घेतल्या आणि टोपलीत टाकल्या. पाण्याचे ड्रम भरून ठेवले, वाळूच्या बादल्या ठेवल्या. एक म्हातारा काडीपेटी देईना. रशीदभाई म्हणाले, "बाबा, मले तुमच्या बिडीचं काई नाई, तुमच्याच कापसाचं हाय." त्यानं दिली.

मोठे स्पीकर आम्ही उतरवले. त्यांच्याऐवजी लहान लहान स्पीकर पायऱ्यांजवळ ठेवले, बुटके, लोकांच्या कानांच्या उंचीला, आवाज बेतानं. रशीदभाईंना ते जड गेलं.

"जिंदगीभर लोकं म्हणत आले, रशीदभाई, वाढवा. कमी करा म्हणणारे तुमीच निघाले."

"तुमच्याच फुल्यांप्रमाणे ठेवतोय."

"म्हणूनच तं करून राह्यलो," ते म्हणाले.

दुपारी बारापर्यंत भिंत दिसेनाशी झाली. त्या करड्या सिमेंटवर हिरवी, जांभळी, कुंकवाच्या रंगाची, चौकड्यांची शेकडो गाठोडी एकावर एक रचली होती आणि प्रत्येकाशेजारी त्याचं माणूस. मी देशभरातली मोठमोठी सभागृहं पाहिली आहेत. इतकी देखणी भिंत कुठे पाहिली नाही.

मी शेवटच्या पायरीवर जाऊन बसलो. रशीदभाईंनी खाली माइकसमोर वर्तमानपत्र उघडलं आणि हळू आवाजात बाजारभाव वाचायला सुरुवात केली. ज्वारी. तूर. कापूस.

माझ्या शेजारचा माणूस ओरडला, "ते सोडून दुसरं काईबी वाचा, भाई."

रशीदभाईंनी वर बघितलं. मी हात वर केला. शब्द पोचला होता.

पाच वाजता पायऱ्या भरल्या. बायकाच जास्त, कडेवर मुलं, हातात शेंगांच्या पुड्या. मला लोकांनी खाली यंत्रणेजवळ बसायला बोलावलं. मी गेलो नाही. बटणं रशीदभाईंच्या हाताखाली होती आणि तिथेच ती बरी होती. मी वर, गाठोड्यांना टेकून, मान खाजवत बसलो. माझ्यासारखे पुष्कळ जण खाजवत होते.

बारा बायका आल्या, खाली सतरंजीवर बसल्या. पेटी नव्हती, काही नव्हतं. रंजना मॅडमनी नावं सांगितली. आत्यानं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सुरू केलं.

*नव्या बियाच्या कपाशीले बोंडं लागली गच्च,*
*दुकानवाला म्हणे, बाई, औंदा घर बांध पक्कं.*
*घर बांधलं पक्कं, त्याले दारं ठेवली दोन,*
*एका दारानं आली लक्षुमी, दुसऱ्यानं गेली*

इथे बायका थांबतात. वेचताना पुढचं बोंड खुडायला हात जातो तेवढा वेळ. मग शेवटचा शब्द. सगळं गाणं त्या एका शब्दावर उभं असतं, आणि तो एकच शब्द त्या पत्र्याखाली परवापर्यंत हरवत होता. 

*कोन?*

खालच्या पायरीवर हसू फुटलं. आणि त्याच क्षणी, मागून नाही, उशिरा नाही, माझ्या डाव्या-उजव्या बाजूलाही. शेवटची पायरी पहिल्या पायरीबरोबर हसली. सकाळी काडीपेटी अडवून धरणारा म्हातारा माझ्यापासून चार माणसं पलीकडे होता. तो बसल्या जागेवरून, आपल्याशीच बोलावं तसा म्हणाला, "दुकानवालाच, अजून कोन."

आणि खाली, मैदानात, आत्यानं मान वर केली. "बराबर बोलले बाबा," ती माइकवर म्हणाली, आणि सगळं स्टेडियम हसलं. म्हाताऱ्यानं पटकन गाठोड्यामागे तोंड लपवलं.

तिकडचा शब्द इकडे आला होता, इकडचा तिकडे गेला होता. मी माझ्या धंद्यात एवढंच मागत असतो आणि फार क्वचित मिळतं. बायका तासभर गायल्या. फवारणीची गाणी, अळीची, माहेरची, एका आळशी नवऱ्याचं. एकाही ठिकाणी कुणी "काय म्हटलं?" असं शेजाऱ्याला विचारलं नाही.

दिवेलागणीच्या आत, दव पडायच्या आधी, लोकांनी आपापली गाठोडी ओळखून उचलली. एकही चुकलं नाही, एकही कमी झालं नाही. आत्या पायऱ्या चढून वर आली. तिचं गाठोडं माझ्याशेजारीच होतं, डाळिंबी लुगड्यातलं. रशीदभाई वायर गुंडाळत होते, सुमनमावशी आणि आणखी चार-पाच बायका उभ्या होत्या.

"ऐकू आलं?" आत्यानं विचारलं.

"आलं."

"समदं?"

"सगळं."

"मंग सांग. सगळ्यात शेवटचं जे गायलं, त्यात काय म्हटलं मी?"

तो शेवटचा तुकडा रंजना मॅडमच्या वहीत नव्हता. आत्यानं तो त्याच दिवशी रचला होता. मी ऐकला होता आणि ऐकून अंग चोरलं होतं. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. रशीदभाईंचे हात थांबले. गेली कित्येक वर्षं मी ही बोली चारचौघांत बोललेलो नाही. मी घसा साफ केला आणि मोठ्यानं म्हणून दाखवलं,

"भावाची वाट पाहे मी, भाचा आला उशिरानं. मी म्हटलं, काऊन रे? तं म्हणे, मले मोटार नाई भेटली. बावीस वर्षं मोटार नाई भेटली, आत्या म्हणे, बस. जेवाले वाढते तुले."

सुमनमावशी हसल्या. कोणी टाळी वाजवली. आत्या हसली नाही. तिनं शेवटच्या शब्दापर्यंत नीट ऐकलं, लुगड्याची गाठ ओढून पाहिली आणि ते गाठोडं उचलून माझ्या डोक्यावर ठेवलं.

"हळू उतर," ती म्हणाली. "पायऱ्या उंच हायत."